एका आदिताऱ्याचा अवरक्त वर्णपट वाचताना

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गांना भौतिक रसायनशास्त्र शिकवते. रेणूंचे अवरक्त वर्णपट वाचणे हा माझ्या रोजच्या अध्यापनाचा भाग आहे, मात्र आजवर ते सगळे वर्णपट प्रयोगशाळेच्या कपाटातील बाटल्यांतून काढलेल्या पदार्थांचे होते. जेम्स वेब दुर्बिणीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर जगातल्या कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. हे समजल्यावर एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघींनी एका आदिताऱ्याचा, म्हणजे वायू आणि धुळीतून अजून घडत असलेल्या ताऱ्याचा, वर्णपट वाचायला घेतला. हा आदितारा वृक तारकासमूहात, वृश्चिकाच्या पश्चिमेला, सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे नाव आयआरएएस १५३९८–३३५९. नावातील आकडे म्हणजे १९८३ मध्ये सोडलेल्या आयआरएएस या अवरक्त उपग्रहाच्या यादीतील त्याचा आकाशातला पत्ता होय : होरांश १५ तास ३९.८ मिनिटे आणि क्रांती उणे ३३ अंश ५९ कला, दोन्ही १९५० च्या निर्देशांकांप्रमाणे. मे महिन्याच्या रात्री कोल्हापुरातून आकाशाचा हा भाग दक्षिणेला बऱ्यापैकी वर आलेला असतो, पण हा आदितारा स्वतःच्या धुळीत इतका गुरफटलेला आहे की दृश्य प्रकाशात त्याचा मागमूस लागत नाही. तिथल्या रेणूंविषयी काही कळायचे तर ते अवरक्त प्रकाशातूनच कळते.

या कामाला सुरुवात करण्यापूर्वी मी विद्यार्थिनीला आमच्याच एफटीआयआर यंत्रासमोर, म्हणजे अवरक्त वर्णपट घेणाऱ्या यंत्रासमोर, बसवले आणि दोन गोष्टी पुन्हा नीट पाहायला लावल्या, कारण पुढचे सगळे वाचन त्या दोन गोष्टींवर उभे राहणार होते. जुलै महिना होता. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पोटॅशियम ब्रोमाइडची पेलेट, म्हणजे नमुना मिसळून दाबलेली पातळ चकती, करणे ही एक परीक्षाच असते. भट्टीत वाळवलेली पूड खलबत्त्यात घोटेपर्यंत हवेतला ओलावा धरते, साच्यातून काढलेली चकती काचेसारखी स्वच्छ असण्याऐवजी दुधी दिसते, आणि नमुना कोणताही असो, वर्णपटात ३४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास एक रुंद खोलगट भाग व १६४० जवळ एक लहान पट्टा येतो. पहिला पट्टा पाण्यातील ऑक्सिजन–हायड्रोजन बंध ताणल्याचा, दुसरा पाण्याचा रेणू कात्रीसारखा उघडमीट केल्याचा. नमुन्यात पाणी नसतानाही वर्णपट पाणी दाखवतो; म्हणून दिसलेला पट्टा नमुन्याचा आहे की वाटेत आलेल्या कशाचा, हे आधी विचारावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन डायऑक्साइड. नमुन्याचा कप्पा रिकामा ठेवून, झाकण किंचित उघडून विद्यार्थिनीने त्यात हलकेच श्वास सोडला आणि लगेच स्कॅन घेतला. पडद्यावर २३४९ प्रति सेंटिमीटरच्या दोन्ही बाजूंना दोन कुबडे असलेला पट्टा उमटला, मधोमध खाच. वायुरूपातील रेणू कंप पावताना मोकळेपणाने फिरतही असतो, आणि कंपनाबरोबर त्याच्या फिरण्याची पातळी एकाने वाढते किंवा एकाने घटते. त्यामुळे मध्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी अशा दोन शाखा तयार होतात. हाच रेणू बर्फात गोठला की शेजाऱ्यांच्या कोंडीत त्याला फिरता येत नाही, दोन्ही शाखा नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी २३४० च्या सुमारास एकच पट्टा उरतो. रेणू तोच, बंध तोच; पण पट्ट्याच्या आकारावरून तो वायूत आहे की बर्फात, हे कळते. पन्हाळ्यावरून रात्रीच्या वायुदीप्तीची जी निरीक्षणे होत आली आहेत, त्यांच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे : जमिनीपासून सुमारे ८७ किलोमीटर उंचीवरचा हायड्रॉक्सिल रेणू अवरक्तात जो मंद उजेड देतो, त्यातील परिवलनाच्या रेषांचे आपसातले प्रमाण तिथल्या हवेचे तापमान सांगते. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते, म्हणून इथे नोंदवले.

वेबची निरीक्षणे साठवणाऱ्या संग्रहातून आम्ही या आदिताऱ्याच्या फाइली उतरवल्या. वेबवरील मिरी हे उपकरण सुमारे ५ ते २८ मायक्रॉन या पल्ल्यात वर्णपट घेते. हा पल्ला जमिनीवरून सलग कधीच पाहता येत नाही, कारण वातावरणातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातला मोठा भाग गिळून टाकतात. ५ ते ८ मायक्रॉनचा पट्टा तर वाफेमुळे जवळपास बंदच असतो. वेब मात्र पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, आणि आमच्या चकतीतल्या ओलाव्यासारखा अडथळा तिच्या वाटेत नाही. रसायनशास्त्राच्या माणसाला सुरुवातीला एवढेच अवघड जाते की खगोलशास्त्रज्ञ तरंगसंख्येऐवजी तरंगलांबी वापरतात. १०,००० ला मायक्रॉनमधल्या तरंगलांबीने भागले की प्रति सेंटिमीटरमधली तरंगसंख्या मिळते. त्यामुळे १६४० चा पाण्याचा पट्टा इथे ६ मायक्रॉनच्या जवळ शोधावा लागतो.

मिरीची फाइल उघडल्यावर सरळ एक वर्णपट मिळत नाही. मिळतो तो घन : दोन बाजू आकाशाच्या आणि तिसरी तरंगलांबीची. घनातल्या प्रत्येक बिंदूपाशी एक स्वतंत्र वर्णपट असतो, आणि त्याचे माप मेगाजान्स्की प्रति स्टेरॅडियनमध्ये दिलेले असते. आदिताऱ्याभोवती एक वर्तुळ आखून त्यातला उजेड एकत्र करायचा, पण वर्तुळ एकाच मापाचे ठेवून चालत नाही. प्रकाशाच्या विवर्तनामुळे लांब तरंगांवर प्रतिमा पसरते, म्हणून तरंगलांबीबरोबर वर्तुळही मोठे करत न्यावे लागते. शिवाय हा सगळा पल्ला चार वाहिन्यांत आणि प्रत्येक वाहिनीच्या तीन भागांत, म्हणजे एकूण बारा तुकड्यांत मोजलेला असतो. तुकडे जोडताना सांध्यावर पायरी दिसली की ती पायरी म्हणजे एखाद्या रेणूचा पट्टा नव्हे, हे ध्यानात ठेवून शेजारच्या तुकड्याला थोडे वर-खाली करून जुळवून घ्यावे लागते. आमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातील सहकाऱ्यांनी पायथॉनमधली ही जोडणी बसवून दिली आणि तो भाग तुलनेने लवकर मार्गी लागला.

जोडलेल्या वर्णपटावर एक बारीक, नियमित लाटालाट दिसत होती. विद्यार्थिनी गोंधळली, मला मात्र ती पाहताक्षणी ओळखीची वाटली. एफटीआयआरच्या तरंगसंख्येची खात्री करण्यासाठी आम्ही पॉलिस्टायरिनची जी पातळ फिल्म वापरतो, जिचा १६०१ चा पीक जागेवर आहे ना हे पाहूनच पुढचे काम सुरू होते, तिच्याही वर्णपटात सपाट भागावर अशाच लाटा असतात. फिल्मच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून कुठे वाढतो, कुठे घटतो, त्याच्या त्या लाटा. मिरीच्या संवेदकाच्या थरांतही प्रकाशाचे असेच परावर्तन होते. प्रयोगशाळेत आम्ही लाटांमधल्या अंतरावरून फिल्मची जाडी काढतो. इथे त्याच लाटा गणिताने काढून टाकायच्या असतात. काढताना हात जरा जास्त फिरला तर खरे बारीक पट्टेही पुसले जातात. म्हणून लाटा काढण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही वर्णपट आम्ही शेवटपर्यंत शेजारी-शेजारी ठेवले, आणि जे दोन्हींत दिसेल त्यालाच पट्टा म्हणायचे ठरवले.

सर्वांत आधी आम्ही टोकदार उजळ रेषा ओळखल्या, कारण त्यांच्या जागा निश्चित असतात आणि त्यावरून तरंगलांबीचा पडताळा मिळतो. हायड्रोजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा असल्याने त्याला द्विध्रुव आघूर्ण नसते. त्याचा अवरक्तातला उजेड फार दुबळ्या वाटेने बाहेर पडतो. तरीही तो अवकाशात इतक्या प्रचंड प्रमाणात आहे की तापलेल्या वायूतून त्याच्या परिवलनाच्या रेषा स्पष्ट उमटतात : १७.०३ मायक्रॉनला एक, १२.२८ ला एक, ९.६६ ला एक, ८.०३ ला एक. आदिताऱ्यातून दोन्ही दिशांना उसळणारा वायू या रेषा देतो. त्या काटेकोरपणे आपापल्या जागी सापडल्यावर बाकीच्या वर्णपटावर विश्वास ठेवायला हरकत उरली नाही. मग त्या रेषा झाकून ठेवल्या आणि आमचे खरे काम, म्हणजे धूलिकणांमुळे आणि त्यांच्यावर गोठलेल्या रेणूंच्या बर्फामुळे (हा बर्फ केवळ पाण्याचा नसतो) उमटणारे रुंद खोलगट पट्टे वाचायचे काम, सुरू झाले.

इथे मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण अवकाशातल्या बर्फाचा वर्णपट वाचण्यातला सगळा निवाडा या टप्प्यावर होतो. प्रयोगशाळेत नमुन्याआधी रिकाम्या वाटेचा स्कॅन घेता येतो, त्याला आपण बॅकग्राउंड म्हणतो, आणि नमुन्याचा वर्णपट त्याने भागला की शोषण हाती येते. आदिताऱ्याच्या बाबतीत रिकामी वाट कुठून आणायची? आतली ऊबदार धूळ स्वतः उजेड देते, तो उजेड बाहेरच्या गार धुळीतून आणि तिच्यावरच्या बर्फातून गाळून आपल्यापर्यंत येतो, आणि बर्फ नसता तर तो किती आला असता हे कोणीही मोजलेले नसते. रस्त्यावरच्या खड्ड्याची खोली मोजायची तर आधी रस्त्याची मूळ पातळी कुठे होती हे ठरवावे लागते, आणि इथे तर सबंध रस्त्यात खड्डेच खड्डे आहेत. आमच्या पल्ल्यात शोषण जवळपास नाही असे म्हणता येतील अशा जागा मोजक्याच : ५ मायक्रॉनच्या लगतचा थोडा भाग आणि लांब तरंगांच्या टोकाचा थोडा भाग. त्या जागांना टेकू देऊन मधून एक गुळगुळीत वक्र न्यायचा. ही आमची बेसलाइन.

विद्यार्थिनी माउस हातात धरून वक्र थोडा वर घ्यायची, थोडा खाली घ्यायची, आणि दर वेळी खालच्या चौकटीतले आकडे बदलत. एकदा ती म्हणाली, "मॅडम, ही रेघ जरा वर घेतली की पाण्याचा बर्फ वाढतोय, आणि बाकी सगळ्यांचं प्रमाण खाली येतंय." मी तिला म्हटले, "मग दोन्ही रेघा ठेव. वहीत दोन्ही उत्तरं लिही, आणि कुठली रेघ का घेतली तेही शेजारी लिहून ठेव." पुढे आमच्या तक्त्यातल्या प्रत्येक प्रमाणासमोर एक आकडा न येता एक पल्ला आला, आणि तो पल्ला मोजणीच्या नॉइजपेक्षा बेसलाइनच्या निवडीमुळे जास्त रुंद झाला. प्रकाशित निबंधांमध्ये बर्फाच्या प्रमाणांसमोर ज्या मोठ्या अनिश्चितता दिलेल्या असतात, त्यांच्यामागे काय दडलेले असते हे मला पुस्तकातून कधी इतके स्पष्ट झाले नव्हते.

बेसलाइन ठरल्यावर मोजलेल्या उजेडाला तिने भागून त्याचा ऋण नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की प्रकाशीय जाडी, म्हणजे वाटेत उजेड किती अडला याचे माप, मिळते. आमच्या यंत्रावरचे ॲब्सॉर्बन्स दहाच्या पायाचे असते, त्यामुळे दोन्हींची तुलना करताना २.३०३ चा गुणक मध्ये येतो. प्रयोगशाळेची आकडेवारी कोणत्या पायावर दिली आहे हे प्रत्येक वेळी तपासूनच घ्यावे लागते.

या जाडीच्या आलेखावर सगळ्यात मोठी दरी ९.७ मायक्रॉनला आहे, आणि ती बर्फाची नाही. धूलिकणांचा गाभा सिलिकेटचा असतो. सिलिकॉन–ऑक्सिजन बंध ताणल्याचा तो पट्टा, आणि त्याच बंधांच्या वाकण्याचा दुसरा पट्टा १८ मायक्रॉनच्या आसपास. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा पट्टा फार गैरसोयीच्या जागी आहे, कारण ९ मायक्रॉनचा अमोनिया आणि ९.७५ चा मिथेनॉल, दोघेही नेमके त्याच दरीत उतरलेले आहेत. दरीच्या तळाशी उजेड इतका कमी उरतो की मोजणीतला लहानसा फरकही लॉगॅरिदम घेतल्यावर मोठा होतो. आकाशगंगेच्या केंद्राकडील एका स्रोतावर मोजलेला सिलिकेटचा पट्टा नमुना म्हणून वापरायची रीत आहे. तो मापात बसवून वजा करायचा आणि उरलेल्यात अमोनिया व मिथेनॉल पाहायचे. आम्ही तसे केले आणि दोन्ही ठिकाणी उरलेला भाग दिसला. पण तिथल्या धुळीतले सिलिकेट आणि वृक तारकासमूहातल्या या गार ढगातले सिलिकेट एकसारख्याच आकाराचा पट्टा देत असेल, हे गृहीत धरूनच ती वजाबाकी उभी आहे. मिथेनॉलचे प्रमाण म्हणूनच आम्ही कंसात लिहिले.

बर्फाचे इतर पट्टे अधिक सरळ होते. ६ मायक्रॉनचा पट्टा पाण्याच्या त्याच उघडमिटीचा, जो पावसाळ्यात आमच्या चकतीत न बोलावता येतो. आणि १३ मायक्रॉनभोवतीचा अतिरुंद, जवळपास न जाणवणारा फुगवटा गोठलेल्या पाण्याच्या रेणूंच्या डुलण्याचा. पाण्याचा बर्फ मोजताना हे दोन्ही एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे लागते. ते सहजी जुळत नाहीत, कारण ६ मायक्रॉनच्या पट्ट्यात इतर रेणूही मिसळलेले असतात; त्यांतले काही पुढे येतील. ६.८५ मायक्रॉनचा पट्टा दीर्घकाळ नावाशिवाय होता. आता त्यातला मोठा वाटा अमोनियम आयनाचा मानला जातो, आणि मिथेनॉलच्या कार्बन–हायड्रोजन बंधांचाही त्यात हात असतो.

७.६७ मायक्रॉनला मिथेन. पट्टा अरुंद, जागा नेमकी, तरंगसंख्या १३०४. त्याच्या लहान तरंगांकडील उतारावर ७.६ च्या सुमारास एक खांदा असतो, तो सल्फर डायऑक्साइडकडे बोट दाखवतो. मिथेनचा दुसरा पट्टा ३.३ मायक्रॉनला असतो आणि तो मिरीच्या आवाक्याबाहेर आहे. तरीही इथे मिथेन म्हणायला मला संकोच वाटला नाही, कारण एवढ्या अरुंद पट्ट्याची त्या जागी दुसरा कोणताही सहज उलगडा बसत नव्हता. प्रमाण काढण्यासाठी पट्ट्याखालचे क्षेत्रफळ तरंगसंख्येच्या आसावर काढायचे आणि त्याला त्या कंपनाच्या प्रति-रेणू शोषणक्षमतेने भागायचे. ती शोषणक्षमता प्रयोगशाळेत, निर्वात कक्षात, परमशून्याच्या वर १० ते १५ अंशांवर गोठवलेल्या बर्फाच्या थरावर मोजलेली असते, आणि वेगवेगळ्या गटांच्या मोजण्यांत फरक असतो. म्हणून कोणता आकडा घेतला हे लिहिल्याशिवाय प्रमाणाला अर्थ नाही. स्पिट्झर या वेबच्या आधीच्या अवरक्त अवकाश दुर्बिणीने आपल्या सूर्यासारख्या लहान आदिताऱ्यांभोवती पाण्याच्या तुलनेत २ ते ८ टक्के मिथेन मोजला होता. आमचा पल्ला त्याला विसंगत नाही, एवढेच मी खात्रीने म्हणेन.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवले ते १५.२ मायक्रॉनच्या पट्ट्याने. हा कार्बन डायऑक्साइडच्या वाकण्याचा पट्टा, आणि त्याचा आकार बर्फाचा इतिहास सांगतो. पाण्यात विखुरलेला कार्बन डायऑक्साइड एक रुंद, काहीसा कललेला पट्टा देतो. कार्बन मोनॉक्साइडबरोबर गोठलेला असेल तर पट्टा अरुंद होतो. आणि तो शुद्ध, आपल्याच रेणूंच्या सहवासात असेल तर पट्ट्याला ६६० आणि ६५५ प्रति सेंटिमीटरच्या जवळ दोन शिखरे येतात. अतिगार ढगात शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा थर सहजासहजी तयार होत नाही. मिश्र बर्फ तापला की त्यातले कार्बन डायऑक्साइडचे रेणू वेगळे होऊन एकत्र येतात, किंवा सोबतचा कार्बन मोनॉक्साइड उडून जातो आणि मागे तेवढेच उरतात. कार्बन मोनॉक्साइड साधारण २० केल्विनच्या वर टिकत नाही. त्यामुळे दोन शिखरांची ही खूण पाहून असे म्हणता येते की हा बर्फ आज गार असला तरी कधीतरी तापून गेला आहे. आदिताऱ्यावर वायू कधी धो धो कोसळतो, कधी थेंबथेंब. कोसळतो तेव्हा तारा काही काळ झळाळतो, भोवतालचा बर्फ तापतो, आणि झळाळी ओसरल्यावरही शुद्ध झालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा मिसळत नाही. याच आदिताऱ्याभोवतीच्या वायूच्या रेडिओ निरीक्षणांवरून, त्याने खगोलशास्त्राच्या मानाने अगदी अलीकडे अशी झळाळी अनुभवली असावी, असा निष्कर्ष पूर्वी काढला गेला आहे. त्यामुळे या पट्ट्याकडे आम्ही अधिक उत्सुकतेने पाहिले.

प्रयोगशाळेत मोजलेले बर्फाचे वर्णपट नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहात खुले आहेत. तिथून पाण्यात मिसळलेला, कार्बन मोनॉक्साइडमध्ये मिसळलेला आणि शुद्ध असे तीन घटक घेऊन त्यांची बेरीज आम्ही आमच्या पट्ट्यावर बसवून पाहिली. पाणीवाला घटक सर्वांत मोठा, यात शंका राहिली नाही. शुद्ध घटकाला किती वाटा द्यायचा, ते मात्र सिलिकेटच्या १८ मायक्रॉनच्या पट्ट्याचा उतार आणि पाण्याचा १३ मायक्रॉनचा फुगवटा वजा करताना १५ मायक्रॉनखाली बेसलाइन कशी जाते, यावर अवलंबून राहिले. गणित जुळले म्हणून वाटा खरा, असे मानायचा मोह इथे होतो. मी विद्यार्थिनीला सांगितले की तीन वक्र हाताशी असले तर जवळपास कोणताही एक पट्टा त्यांच्या बेरजेत बसवता येतो. बसवलेल्या वाट्याला दुसऱ्या पट्ट्याचा आधार मिळेपर्यंत तो वाटा आपण तात्पुरता मानू.

दुसऱ्या पट्ट्याचा हा आग्रह मी कशामुळे धरते, ते सांगायला हवे. अवरक्त वर्णपट मुळात बंधाविषयी बोलतो, अमुक एका रेणूविषयी क्वचितच. याचा सर्वांत मोठा दाखला ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.२ मायक्रॉनच्या उजळ पट्ट्यांचा आहे. १९७३ मध्ये काही ग्रहीय तेजोमेघांच्या, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगांच्या, वर्णपटात अशा पट्ट्यांतले पहिले दिसले, पुढे ते आकाशात जागोजागी सापडले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला बेंझिनसारखी कडी एकमेकींना जोडून झालेल्या बहुचक्रीय अरोमॅटिक हायड्रोकार्बनांशी त्यांचा संबंध जोडला गेला. कार्बन–हायड्रोजन बंधाचे ताणणे, कार्बन–कार्बन बंधाचे ताणणे, हायड्रोजनचे कड्याच्या प्रतलात आणि प्रतलाबाहेर डुलणे, सगळे पट्टे या कुळाला बसतात. पण कुळातला नेमका कोण, हे हे पट्टे सांगत नाहीत, कारण कुळातल्या सगळ्यांचे बंध एकाच जातीचे आहेत. याच्या उलट साठ कार्बन अणूंचा गोलाकार फुलेरीन. त्याची १७४ कंपने असूनही अतिसममितीमुळे अवरक्तात फक्त चार पट्टे दिसतात : ७.०, ८.५, १७.४ आणि १८.९ मायक्रॉनला. २०१० मध्ये स्पिट्झरने टीसी १ या ग्रहीय तेजोमेघात हे पट्टे एकत्र दाखवले आणि मग रेणूचे नाव निःसंकोचपणे घेता आले. मी दोन्ही वर्णपट वर्गात फळ्यावर शेजारी-शेजारी काढते.

आमच्या आदिताऱ्याच्या वर्णपटात ही अडचण ७.२ आणि ७.४ मायक्रॉनच्या दोन बारीक, उथळ पट्ट्यांत सगळ्यात तीव्रतेने आली. वेबच्या आधी हे पट्टे मोजक्या तेजस्वी आदिताऱ्यांतच धड दिसत होते. मिरीच्या वर्णपटात ते इतके स्पष्ट दिसतात की त्यांच्याकडे काणाडोळा करता येत नाही. ७.२ साठी फॉर्मेट आयन, फॉर्मिक आम्ल आणि इथेनॉल हे उमेदवार; ७.४ साठी पुन्हा फॉर्मेट आणि ॲसिटाल्डिहाइड. इथेनॉलसारखा सेंद्रिय रेणू ग्रह घडण्यापूर्वीच बर्फात तयार असतो ही कल्पनाच इतकी मोहवणारी आहे की नाव घ्यायला मन उतावीळ होते. म्हणून आम्ही एकेकाचा दुसरा पट्टा शोधायला बसलो. फॉर्मेटचा जोरदार पट्टा ६.३ मायक्रॉनला यायला हवा. तिथे पाण्याच्या ६ मायक्रॉनच्या पट्ट्याचा लांब उतार आहे. ॲसिटाल्डिहाइडचा कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध ५.८ ला यायला हवा; तिथे फॉर्मिक आम्ल आणि फॉर्माल्डिहाइडही त्याच बंधामुळे येतात. इथेनॉलचा कार्बन–ऑक्सिजन बंध ९.५ ला यायला हवा. तिथे सिलिकेटची दरी आहे. प्रत्येकाचा साक्षीदार दुसऱ्या कोणाच्या तरी आड उभा होता. ६ मायक्रॉनचा पट्टा केवळ पाण्याने भरून येत नाही, उरलेला भाग ५.८ कडेही आहे आणि ६.३ कडेही आहे, एवढे आम्ही नक्की दाखवू शकलो. त्यातून फॉर्मेटची बाजू काहीशी भक्कम होते, कारण त्याच्याकडे तीन जागा आहेत आणि तिन्ही जागी काही ना काही सापडते. इथेनॉलची बाजू त्यामानाने अधिक कच्ची राहते.

ज्या संशोधकांनी हे निरीक्षण मुळात घेतले, त्यांनीही २०२२ मधल्या आपल्या पहिल्या निबंधात या पट्ट्यांना सेंद्रिय रेणूंच्या शक्यता म्हणूनच मांडले होते. पुढे दुसऱ्या आदिताऱ्यांवर पट्ट्यांचा सगळा संच एकदम बसवून यांपैकी काही रेणूंची बाजू अधिक घट्ट केली गेली. एकेक पट्टा सुटा न पाहता ६.८ ते ८.८ मायक्रॉनचा सबंध भाग एकत्र बसवण्याची ती पद्धत मला पटते. फक्त तिथेही त्या भागापुरती जी बेसलाइन घेतली जाते, तिच्याकडे मी आता आधी पाहते.

विद्यार्थिनीच्या अहवालातला अंतिम तक्ता दोन भागांत केला आहे. वरच्या भागात पाणी, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, सिलिकेट आणि हायड्रोजनच्या रेषा नावानिशी आहेत. अमोनिया आणि मिथेनॉल वरच्याच भागात, पण सिलिकेट वजा करण्याची रीत तळटीपेत देऊन. खालच्या भागात डावीकडे तरंगलांबी, मध्ये उमेदवारांची नावे आणि उजवीकडे प्रत्येक उमेदवाराचा दुसरा पट्टा कुठे शोधला व तिथे काय आडवे आले, असे तीन स्तंभ आहेत. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी तिला पहिला प्रश्न याच तिसऱ्या स्तंभावर विचारला, आणि ती बराच वेळ, न अडखळता, ६.३ मायक्रॉनविषयी बोलत राहिली.

कार्बन डायऑक्साइडच्या शुद्ध घटकाचा प्रश्न मात्र मिरीच्या पल्ल्यात राहून सुटणारा नाही. त्यासाठी वेबच्याच निअरस्पेक या उपकरणाचा पल्ला हवा, कारण तिथे ४.३८ मायक्रॉनला जड कार्बनच्या, म्हणजे कार्बन–१३ च्या डायऑक्साइडचा पट्टा येतो. साध्या कार्बन डायऑक्साइडचा ४.२७ चा पट्टा अनेकदा इतका खोल असतो की त्याचा तळ सपाट होतो, आणि त्याचा आकार धूलिकणांच्या मापानेही बिघडतो. जड कार्बनचा पट्टा उथळ असल्याने या दोन्ही अडचणींतून बऱ्याच अंशी सुटतो आणि शुद्ध बर्फ असेल तर त्याच जागी टोकदार शिखर दाखवतो. मृग तारकासमूहाकडील एचओपीएस ३७० या तेजस्वी आदिताऱ्यावर असे शिखर स्पष्ट मिळाले आहे. यंदाच्या विद्यार्थ्याने तेच निरीक्षण उतरवून घेतले आहे, तिथे ४.३८ चे शिखर आणि १५.२ ची दोन शिखरे एकाच बर्फाची साक्ष देतात का, हे आता पाहायचे आहे, आणि त्याआधी दोन्हींखालून बेसलाइन कशी न्यायची ते ठरवायचे आहे.